काळीसारखी दुसरी

पनवेलमध्ये भाड्याची खोली शोधत फिरत होतो तेव्हा बहुतेक घरमालकांनी मला नोकरी कुठे आणि लग्न झालंय का, एवढंच विचारलं. चाचांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. ओट्यावरच्या खुर्चीत बसल्या बसल्या ते म्हणाले, "हात बघू."

मला वाटलं, ज्योतिष पाहत असतील. मी उजवा हात पुढे केला. रेषांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बोटं ताणून त्यांच्यामधलं अंतर बघितलं, मनगट वळवलं, आणि अंगठ्याच्या मुळाशी जो मांसाचा उंचवटा असतो तो दाबला. आंबा पिकलाय का बघावं, तसा.

"जोर नाय," ते म्हणाले. "पण मनगट सरळ हाय. ऱ्हा वरच्या खोलीत."

मी तेव्हा खारघरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला होतो. चाचांचं घर जुन्या पनवेलात, मोहल्ल्याच्या टोकाला. खाली ते आणि चाची, वर मी. एकुलती एक मुलगी लग्न होऊन मस्कतला गेलेली. घर गल्फच्या कमाईतून बांधलेलं, पुढच्या खोलीत चकचकीत फरशी आणि भिंतीवर एकच फोटो. फोटोत तरुण चाचा सुटाबुटातल्या कुणा गोऱ्या मॅनेजरच्या हातून चांदीचा कप घेत होते. कप कुठेच दिसत नव्हता. एकदा विचारलं तर म्हणाले, "कप हॉटेलचा होता. फोटो माजा."

ते गल्फमध्ये एका मोठ्या हॉटेलात रूम बॉय म्हणून लागले होते. हॉटेलच्या तळघरात बोलिंगच्या लेन होत्या. लांबलचक गुळगुळीत लाकडी पट्ट्या, टोकाला दहा पिना मांडलेल्या, आणि जड बॉल घरंगळवून त्या पाडायच्या. पिना पुन्हा उभ्या करणारी यंत्रं सारखी अडकायची म्हणून चाचांना वरच्या खोल्यांमधून खाली, त्या यंत्रांमागे पाठवलं. साहेब लोक खेळून गेले की चाचा यंत्र तपासायच्या निमित्ताने बॉल टाकायचे. पुढे ते साहेबांबरोबर खेळू लागले, आणि आणखी पुढे साहेब त्यांच्याशी खेळायला बिचकू लागले. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. सलग असं ते काहीच सांगत नसत.

मोहल्ल्यात कुणाला याचं काही नव्हतं. चाचा बोलिंग करतात म्हटलं की लोक विचारत, फास्ट की स्पिन. पहिल्या काही वेळा चाचांनी समजावून सांगितलं असावं. मी राहायला गेलो तोवर ते नुसते म्हणायचे, "स्पिन."

उजव्या हाताला ते जपायचे. बाजाराची पिशवी डाव्या हातात, पाण्याची बादली डाव्या हातात. लग्नकार्यात कुणी हात पुढे केला तर ते उजवा हात छातीवर ठेवून सलाम करायचे आणि समोरच्याचा हात तसाच हवेत राहायचा. यावरून दोनतीन घरं त्यांच्यावर नाराज होती. भर मे महिन्यात लांब बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. गार वारा लागला की मनगट आखडतं, असं त्यांचं म्हणणं. पनवेलच्या मे महिन्यात गार वारा कुठून यायचा, ते विचारायची सोय नव्हती.

आणि काळी. काळी म्हणजे त्यांचा बॉल. एका अमेरिकन कंपनीचा, ऐंशीच्या दशकातला, गडद काळ्या रंगाचा, उजेडात धरला तर किंचित निळसर. तीन भोकं त्यांच्याच बोटांच्या मापाने पाडलेली. गल्फहून कायमचे परत येताना चाचांनी टेपरेकॉर्डर आणला नव्हता, सोनं थोडंच आणलं होतं, पण काळी आणली होती. ती राहायची तांदळाच्या पिंपात. अशा बॉलला एकदम गरम, एकदम गार सोसत नाही, तडा जातो, आणि घरात सगळ्यात सारखी हवा तांदळात असते, हा त्यांचा हिशेब. चाची रोज त्या बॉलच्या कडेकडेने माप घालून तांदूळ काढायची. मी जेवायला असलो की म्हणायची, "सांबाळून खा बाबा. बॉलचा भात हाय."

खारघरच्या एका मॉलमध्ये बोलिंगच्या लेन सुरू झाल्या आणि चाचांना जणू दुसरी नोकरी लागली. दर रविवारी सकाळी मी स्कूटर काढायचो, ते मागे बसायचे, मांडीवर काळीची पिशवी. मॉलच्या दारावरचा गार्ड दर रविवारी पिशवी उघडायला लावायचा, आत बघायचा, चाचांच्या दाढीकडे बघायचा, पुन्हा आत बघायचा. इतरांच्या पिशव्या इतका वेळ उघड्या राहत नसत. चाचा डाव्या हाताने चेन उघडायचे, बंद करायचे आणि पुढे व्हायचे.

तिथे वाढदिवसाच्या पार्ट्या चालायच्या. पोरं दोन्ही हातांनी बॉल ढकलायची, गाणी मोठ्याने लागलेली असायची. चाचा कोपऱ्यातली लेन घ्यायचे. त्यांचा बॉल सुरुवातीला उजव्या कडेने असा जायचा की आता बाजूच्या पन्हळीत पडणार. पन्हळीत गेला की फुकट. पण शेवटच्या टप्प्यात तो एकदम आत वळायचा आणि दहाच्या दहा पिना कोसळायच्या. हे पाहून गाण्यावर नाचणारी पोरंही थबकायची. ते वळणं म्हणजेच सगळं, असं चाचा म्हणायचे. "सरळ तर दगड पन जातो."

तिथेच आम्हाला इंजिनिअर भेटला. केरळचा, तिशीतला, जवळच्या एका रसायनांच्या कंपनीत नोकरीला. खेळायचा चांगला. चाचांनी त्याचाही अंगठा दाबून पाहिला आणि बराच वेळ सोडला नाही. म्हणाले, "ह्याच्यात हाय." इंजिनिअर त्या दिवसापासून त्यांना उस्ताद म्हणू लागला.

त्या वर्षीच्या मे महिन्यात चाचीने तांदळात किडे झाले म्हणून पिंप गच्चीवर नेऊन रिकामं केलं. तांदूळ चादरीवर पसरले. काळी कठड्याच्या बाजूला उन्हात ठेवली आणि विसरली. चाचा त्या दिवशी पळस्प्याला पुतण्याच्या टायरच्या दुकानात गेले होते. दुपारी परतले, गच्चीवर काळी दिसली, हात लावला तर तव्यासारखी. घाईघाईने खाली आणून पंख्याखाली, ओल्या टॉवेलात ठेवली. संध्याकाळी टॉवेल काढला तेव्हा अंगठ्याच्या भोकापासून बोटांच्या भोकांपर्यंत बारीक रेघ गेली होती. दुसऱ्या दिवशी तिच्यात नख शिरत होतं.

चाचीला ते एक शब्द बोलले नाहीत. ती मला म्हणाली, "वरडले असते तर बरं झालं असतं." पण ते ओरडले नाहीत. काळी परत तांदळात ठेवली, आणि रविवारी सकाळी मी स्कूटर काढली तेव्हा म्हणाले, "तू जा."

मॉलमधले सगळ्यांसाठी ठेवलेले बॉल त्यांना चालत नव्हते. त्यांना ते लोकांच्या घामाचे बॉल म्हणायचे. त्यामुळे जवळजवळ वर्षभर ते खेळलेच नाहीत. ओट्यावर बसून असायचे. बोलणं कमी झालं. बारीकही झाले, पण मन मेलेला माणूस बारीक होणारच, असं आम्ही धरून चाललो.

मग एका रविवारी इंजिनिअर घरी आला तो बातमी घेऊनच. कंपनीने जुने गाजलेले बॉल पुन्हा बनवायला घेतले होते आणि त्यात काळीही होती. तेच नाव, तोच रंग, आणि जाहिरातीत लिहिलं होतं की मालही तोच, आतला गाभाही तोच. चाचांनी इंजिनिअरच्या मोबाइलवरचं चित्र डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं. "मेलेला मानूस परत बनवतात काय," म्हणाले. पण त्याच संध्याकाळी त्यांनी मस्कतला जावयाला फोन केला.

जावई सज्जन माणूस. त्याने कुठून कुठून चौकशी करून तो बॉल मागवला, आणि सुट्टीवर येताना विमानात हातातल्या बॅगेतून आणला. विमानतळावर त्याला बाजूला घेऊन बराच वेळ बसवून ठेवलं, तेही त्याने हसत हसत सांगितलं. चाचांनी खोका उघडला. आधी वास घेतला. मग पिंपातून काळी काढून तिचा वास घेतला. पुन्हा नव्याचा.

"काळीला येगळा वास होता," ते म्हणाले.

"अब्बा, ती किती वर्षांची," जावई म्हणाला. "वास कसा सारखा येल?"

 दुसऱ्या दिवशी चाचा दोन्ही बॉल पिशवीत घालून मला बाजारात घेऊन गेले आणि कांदेवाल्याच्या काट्यावर दोन्ही तोलायला लावले. कांदेवाल्याने मुकाट्याने कांदे उतरवले. वजन सारखं भरलं. घरी आल्यावर एका ताटलीला खोबरेल लावून तिच्यात दोन्ही बॉल आळीपाळीने भिंगरीसारखे फिरवले आणि जमिनीला गाल टेकवून बघत बसले. मला तर दोन्ही सारखेच फिरताना दिसले. चाचा उठून कपडे झटकत म्हणाले, "वजन सारखं, रंग सारखा. पोटात काय भरलंय ते खुदालाच ठाव." काळीला ते कायम 'ती' म्हणत. नव्याला म्हणत 'ह्यो'.

मुंबईत बॉलला भोकं पाडून देणारा एक माणूस होता. त्याच्याकडून काळीच्याच मापाने नव्याला भोकं पाडून आणली, आणि वर्षभराने पुन्हा आम्ही रविवारी निघालो.

पहिला बॉल उजव्या कडेने गेला, आणि कडेनेच जात राहिला. वळला नाही. पन्हळीत पडला. दुसरा थोडा आतून टाकला, तो दोन पिना पाडून गेला. तासभर हेच चाललं. चाचांनी बॉल पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "नकली."

पुढच्या रविवारी म्हणाले, अंगठ्याचं भोक मोठं पाडलंय. खेळणारे भोकाच्या आत चिकटपट्टी लावतात, तशी आम्ही लावली. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. पट्टी मीच लावायचो, कारण त्यांना ती सोलायला जमत नव्हती. भोक पट्ट्यांनी भरत चाललं तरी त्यांचा अंगठा आत सैलच राहायचा. मला वाटायचं, भोकं पाडणाऱ्यानेच चुकवलं. चाचांना तर खात्रीच होती.

मग त्यांनी मस्कतला फोन केला. मी तिथेच होतो. ते जावयाला म्हणाले, "बाजारातला स्वस्तातला माल आनलास तू. मला असली सांगून दिलास." पलीकडून जावई काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण चाचा म्हणाले, "मंग तुला फसवलं असल. पन मला समजतंय. चाळीस वर्सांचा हात हाय माजा." मग मुलगी फोनवर आली. तिच्याशी ते आणखी कडक बोलले. चाचीने फोन काढून घेतला तोवर पलीकडे फोन ठेवलेला होता.

त्यानंतर मस्कतचा फोन यायचा तो चाचीच्या मोबाइलवर, आणि चाची तो घेऊन मागच्या मोरीकडे जायची. त्या ईदला मुलगी आली नाही.

एका रविवारी इंजिनिअर म्हणाला, "उस्ताद, एक बार मैं डालके देखूँ?" त्याची बोटं साधारण चाचांच्याच मापाची होती. पण भोक पट्ट्यांनी इतकं भरलं होतं की त्याचा अंगठा आत जाईना. त्याने पट्ट्या काढल्या. अंगठा नीट बसला. त्याने बॉल टाकला. बॉल कडेने गेला, शेवटी वळला, आणि सगळ्या पिना गेल्या. पुन्हा टाकला, पुन्हा वळला.

"बॉल तो बढ़िया है," इंजिनिअर हळूच म्हणाला.

"तुला काळी म्हाईत नाय," चाचा म्हणाले. "म्हनून तुला ह्यो चांगला वाटतो."

इंजिनिअरने समजावलं, की गल्फमधल्या लेन लाकडी, इथल्या प्लास्टिकच्या. लेनवर मारायचं तेलही बदललंय. फरक पडणारच. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काळी ह्याच लेनवर वळत होती. तू सोता बगितलंस." हे खरंच होतं. 

तेव्हा चाचांनी ठरवलं, की काळीच दुरुस्त करायची. मुंबईच्या त्या माणसाने आधी नकार दिला. मग तडा भरून, घासून, भोकं पुन्हा पाडून दिली आणि बजावलं की किती टिकेल सांगता येत नाही. चाचा म्हणाले, एक रविवार टिकली तरी बास. नव्याची आणि जुनीची गाठ एकदा सगळ्यांसमोर घालायची होती त्यांना.

त्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. इंजिनिअरने दोघा मित्रांनाही बोलावलं होतं. चाचांनी काळी उचलली, डाव्या हाताने खालून आधार देत छातीशी धरली, क्षणभर उभे राहिले आणि निघाले. हात मागे गेला तेव्हा काळी त्यांच्या हातातून निसटली. त्यांच्या मागे, आमच्या पायांशी धाडकन पडली आणि घरंगळत बूट देण्याच्या काउंटरपर्यंत गेली.

कुणी हसलं नाही. इंजिनिअरने ती उचलून आणून दिली. चाचांनी पुन्हा धरली. यावेळी निसटली नाही, पण वळण न देता नुसतीच सोडली गेली. कडेने गेली आणि सरळ पन्हळीत पडली. अगदी नव्यासारखीच.

त्यांनी तिसऱ्यांदा टाकली नाही. बाकावर येऊन बसले आणि उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे पाहत राहिले. मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी उंचवटा नव्हताच. तिथे खळगा होता.

बूट बदलायला वाकले तर नाडी सुटेना. मी खाली बसून सोडली. त्यांनी सोडू दिली.  कळंबोली मागे पडल्यावर स्कूटरवर मागून म्हणाले, "चाचीला सांगू नको."

घरी चाचीने आमच्या तोंडांकडे पाहिलं. चाचा आत गेल्यावर मला म्हणाली, "पडला ना हातातून?"

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं.

"सा महिने झाले, मनगटाची बटनं मी लावते," ती म्हणाली. "पयले म्हनायचे, काज बारीक झालंय. शर्ट धुऊन काज बारीक होतं काय?"

पनवेलच्या डॉक्टरांनी चाचांचा हात हातात घेऊन अंगठ्याचं मूळ दाबलं, बराच वेळ दाबून पाहिलं, आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथे सुया टोचून, विजेचे झटके देऊन तपासण्या झाल्या. नसांचा आजार. हातापासून सुरू होतो, मग दुसरा हात, पाय, जीभ, शेवटी श्वास. औषध नाही. तरुण डॉक्टरीण हे सगळं मराठीत नीट सांगत होती आणि चाचा तिच्या हातांकडे बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "पोरीचं मनगट चांगलं हाय."

तिने सांगितलं त्याच क्रमाने सगळं होत गेलं. डावा हात गेला. मग ओट्यावरची खुर्ची आत आली, मग खुर्चीची खाट झाली. चाची भरवायची. काही महिन्यांनी जीभ जड झाली आणि त्यांचं बोलणं चाचीखेरीज कुणाला समजेनासं झालं. मी कॉलेजातून आलो की जवळ बसायचो. मुलगी येऊन महिनाभर राहून गेली. जावई तिला मस्कतच्या विमानतळापर्यंत सोडायला गेला, पण पनवेलला आला नाही. चाचा त्याच्याबद्दल विचारतही नव्हते.

एका संध्याकाळी त्यांनी मला डोळ्यांच्या खुणेने जवळ बोलावलं. बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. चाचीने कान तोंडाशी नेला आणि मला सांगितलं, "म्हनतात, दोनी बॉल घेऊन जा. त्या मद्राशाला टाकायला लाव. दोनी. आनि मंग येऊन खरं काय ते सांग."

रविवारी मी दोन पिशव्या घेऊन गेलो. गार्डने दोन्ही पाहिल्या, पटकन सोडल्या, आणि आज चाचा कुठे म्हणून विचारलं. इंजिनिअर सकाळपासून थांबला होता. त्याने घाई केली नाही. एकदा जुना, एकदा नवा, असं करत बराच वेळ टाकत राहिला. घाम पुसून माझ्या शेजारी येऊन बसला.

"पुरानी अब ख़त्म है," तो म्हणाला. वर्षानुवर्षं लेनवरचं तेल तिच्यात मुरलंय, तडा भरल्यामुळे तोलही बिघडलाय, ती उशिरा वळते, कधी वळतच नाही. नवी मात्र चाचांची काळी पहिल्यांदा पाहिली होती तेव्हा जशी वळायची, तशीच वळते. "बिलकुल वैसी. थोड़ी अच्छी ही होगी." मग म्हणाला, "उस्ताद को मत बताना. बोल देना, पुरानी जैसी कोई नहीं."

परत येताना मी वाटेत एका टपरीवर उगाच चहा घेतला. घरी आलो तेव्हा चाचा उशीला टेकून दाराकडेच बघत होते. त्यांच्या डोक्यामागे उभी राहून चाचीने मला हाताने खूण केली. त्यांना आवडेल ते सांग, अशी ती खूण होती. मी तेच सांगायच्या तयारीने आलो होतो. पण चाचांचे डोळे माझ्यावर होते, आणि खरं सांग असा निरोप त्यांनी केवढ्या कष्टाने जिभेवरून उतरवला होता ते मी पाहिलं होतं.

"नवी बरोबर आहे, चाचा," मी म्हणालो. "तशीच वळते. जुनीच आता राहिली नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, मी चुकलो. चाचीने तोंड वळवलं. थोड्या वेळाने ते काहीतरी पुटपुटले, आणि चाचीने मोबाइल आणून मस्कतचा नंबर लावला. स्पीकर सुरू करून फोन त्यांच्या तोंडाशी धरला. पलीकडे जावयाचा आवाज आला, "अस्सलाम आलैकुम, अब्बा."

चाचा बोलले. एकेका शब्दाला दम लागत होता. पलीकडून जावई म्हणाला, "अब्बा, समजलं नाय." ते पुन्हा बोलले. जावयाला पुन्हा समजलं नाही. चाचीने सांगायला तोंड उघडलं, पण तिला हुंदका आला. तिच्या हातातून फोन मी घेतला. या खेपेला चाचा माझ्याकडे बघून बोलले, आणि का कोण जाणे, मला समजलं.

"ते म्हणतायत," मी फोनमध्ये म्हणालो, "तू आनलीस ती असली हाय. माझाच हात गेला होता."

 मग जावई म्हणाला, "त्यांना सांगा, मी येतो."

त्याला रजा मिळून तो येईपर्यंत चाचांचं उरलंसुरलं बोलणंही गेलं होतं. तो खाटेशी बसला, त्याने त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. चाचांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. सासरे-जावई दोन दिवस तसेच होते, मध्ये चाची येऊन तोंडात चमच्याने पाणी सोडायची. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजानंतर चाचा गेले. जनाजा उचलताना जावई पुढे होता, मागे मोहल्ल्यातले लोक, आणि त्यांत इंजिनिअर, डोक्याला रुमाल बांधून.

चाचीने काही महिन्यांनी मस्कतला जायचं ठरवलं. घराला गिऱ्हाईक ठरलं. मीही नवीन पनवेलला जागा बघितली होती. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती खाली भांडी बांधत होती, मी मदतीला होतो. नवा बॉल इंजिनिअरला दिला होता. जुन्याचं काय करायचं ते मी विचारलं नाही. पितळेचा हंडा कापडात गुंडाळता गुंडाळता ती थांबली.

"येक इचारू?" म्हणाली. "त्ये खेळायचे कसे?"

मला आधी प्रश्नच समजला नाही.

"मी कदी बगितलं नाय," ती म्हणाली. "तितं गल्फला तर मी गेलीच नाय. आनि इतं मला कवा नेलं नाय त्यांनी. मी पन कवा म्हनली नाय. तू दर रविवारी बगायचास. कसे खेळायचे, दाव."

मी दाराकडून स्वयंपाकघरापर्यंतच्या मोकळ्या जागेच्या एका टोकाला जाऊन उभा राहिलो. चपला काढल्या. मला नीट खेळता येत नव्हतं, पण त्यांना इतके रविवार पाहिलं होतं. रिकामे हात छातीशी धरले, चालत निघालो, हात मागे नेला, वाकलो आणि पुढे सोडला. चाची हंड्यावर हात ठेवून बघत होती.

"मंग?"

"मग बॉल कडेने जातो. वाटतं, पडणार. मग वळतो."

"आनि त्या पिना?"

"पडतात. सगळ्या."

"त्या पडल्या की त्ये काय करायचे? हसायचे?"

"ते बघायचेच नाहीत," मी म्हणालो. "बॉल वळला की पाठ फिरवून परत निघायचे. पिना पडल्याचा नुसता आवाज ऐकायचे."

चाचीने मान हलवली. हंड्यावरचं कापड घट्ट ओढून तिने गाठ मारली.

"गल्फला जाताना पन तसंच करायचे," ती म्हणाली. "टॅक्सीत बसले की मागं बगायचे नाय. मी आपली दारात उबी."